काचेवरचे पापड

आमच्या धंद्यात पॅनेल बसवले कमी आणि किस्सेच जमले जास्त! पेण ते रोहा, छोट्या धंदेवाल्यांकडे सोलर बसवत मी बाइकवर फिरलो. चहाला मित्र जमले की म्हणतात, "सांग रे सोलरचं एखादं!" मी सांगतो, ते हसतात. हल्ली मला तितकं हसू येत नाही.

पेणला गणपतीचा कारखाना असलेले एक काका. त्यांच्या रंगाच्या कॉम्प्रेसरला सोलर बसवलं. दसऱ्यानंतर फोन, "पावर नाय!" छपरावर चढतो तर काय, प्रत्येक पॅनेलवर हा भला मोठा 'श्री', मूर्तींच्या सोनेरी ऑइलपेंटनं! म्हटलं, "काका, अहो ऊन अडतंय!"

"अडू दे थोडं. पूजा केल्याबिगर मशीन वापरायचं नसतं!"

अर्धा दिवस थिनर घेऊन घासत बसलो.

कोलाडला हायवेवरच्या एका हॉटेलात फ्रीज चालेना. मालकानं पॅनेलच्या बरोब्बर पुढं नवा बोर्ड उभा केलेला: 'सोलरवर चालणारे हॉटेल'! त्याचीच सावली पॅनेलवर. "बोर्ड हलवा," म्हटलं, तर म्हणे, "मग गिऱ्हाइकाला कळणार कसं, सोलर हाय म्हणून?"

रोह्याजवळच्या वरसे गावच्या सुनंदाताई नवरा गेल्यापासून पापडांवर घर चालवायच्या. लाटून लाटून खांदे धरायचे, म्हणून त्यांना पापडाचं सोलर मशीन दिलं. महिन्याभरात तक्रार, मशीन मधेच थांबतं. बघतो तर पडवीच्या बुटक्या छपरावर, थेट पॅनेलवर, उडदाचे पापड ओळीनं वाळत घातलेले!

"व्हय भाऊ, काच काय तापते! तासात कडक!"

मी असा ओरडलो की बिचारीनं तोंडाला पदर लावला.

हा किस्सा मी शंभरदा सांगितलाय. पुढचं मात्र कधी सांगत नाही. त्या मशीनचा सरकारी योजनेचा फॉर्म मीच भरला होता. घर थोरल्या दिराच्या नावावर. ताई म्हणाल्या होत्या, "भाऊ, माझं नाव घाला ना. राबणार मी हाय." त्याला वेगळे कागद लागले असते, आठवडा गेला असता. मला फाइल त्याच दिवशी पाठवायची घाई! "अहो, नाव नुसतं कागदापुरतं," म्हणालो आणि मालक म्हणून दिराची सही घेतली. गाढव मी, दुसरं काय!

दिरानं वर्षभरात मशीन विकलं, पॅनेल आणि बॅटरी रोह्याशेजारच्या अष्टमी गावात आपल्या कोल्ड्रिंकच्या दुकानावर नेली. भांडायला गेलो, तर त्यानं मीच भरलेला कागद माझ्यापुढं धरला.

परवा माफी मागायला वरशाला गेलो. ताई पोळपाट घेऊन बसलेल्या. अंगणात चार विटांवर एक पॅनेल. काढताना त्याची मागची जोडणी तुटून वीज बंद झाली, म्हणून दीर टाकून गेलेला. त्यावर पापड, ओळीनं.

मला बघताच ताई धावत जाऊन भराभर पापड उचलायला लागल्या. मग मधेच थांबल्या.

"आता घातले तर चालतील ना हो, भाऊ?"