टाचेतला थेंब

चंचलताई उधन्यातल्या एका लहानशा प्रसूतिगृहात रक्त तपासायच्या. सूक्ष्मदर्शकासमोर बसल्या की तासन्‌तास जागच्या हलत नसत. नर्स म्हणायच्या, "ताई, नाव ठेवताना तुमच्या आईची फसगतच झाली." त्या हसायच्या आणि पुढची काच सरकवायच्या.

शहाण्णव सालच्या हिवाळ्यात कडोदऱ्याच्या एका लूम कामगाराची बायको, रुपाली, तिथं बाळंत झाली. तिला मुलगी झाली. दिवस भरत आलेले असताना रुपालीला मलेरिया झाला होता, म्हणून चंचलताईंनी नाळेतलं रक्त काचेवर घेऊन रंगवलं. एका लाल पेशीत बारीक निळी अंगठी दिसली. मलेरियाचाच जंतू. पण कुणाच्या रक्तातला? नाळ कापताना आईचं रक्त त्यात मिसळू शकतं. बाळाला खरंच लागण आहे का, हे त्याच्या टाचेतला थेंबच सांगणार होता, आणि औषधाचं त्यावरच ठरायचं होतं.

सुई पाहताच रुपालीची सासू, सुंदराआजी, नातीला छातीशी धरून भिंतीकडे वळली.

"मन्ही नातले सुई नही लावानी! पाचवी व्हयेल नही आखो. सटवाईनी लिखं नही, आन तू रगत काढस?"

पाचवीपर्यंत थांबण्यात धोका होता. चंचलताई खाटेच्या कडेला टेकल्या. त्यांचं माहेर शिरपूरचं, आजीची बोली त्यांच्याही तोंडातली.

"आजी, सटवाई कोठे लिखस?"

"कपायवर!" आजीनं बाळाच्या कपाळाला बोट लावून दाखवलं.

"मंग? मी तं टाचवर टोचस. तिनी जागा कोरीच शे."

रुपालीला हसू आवरेना. आजीनं डोळे वटारले. "भलती चाबरी शे तू." मग हळूच दुपट्यातून इवलासा पाय बाहेर काढला. "पण मीच धरसू."

बाळानं टाहो फोडला. थेंब काचेवर आला. रंग वाळेपर्यंत चंचलताईंनी चहाचा कप हातात नुसता धरून ठेवला. मग खिडकीतल्या उजेडाकडे सूक्ष्मदर्शकाचा आरसा वळवून त्या पाहू लागल्या. गुलाबी पेशी, पुन्हा गुलाबी पेशी. अंगठी कुठंच नाही. दुसरी काचही तशीच, स्वच्छ.

बाहेर बाकावर आजी ताटकळत होती.

"साफ शे, आजी. औषध नको. पण पुढच्या आठवड्यात आणखी एक थेंब पाहू, आणि मध्ये ताप आला तर लगेच या."

आजीनं नातीला गालाशी लावलं.

"येसूत," ती म्हणाली. "पण आधी तू पाचवीले ये. आन सुई आठेच ठेव!"