चुंबकाचे ठोके

गोवा राज्य झालं त्याच वर्षी सगुण जन्मला आणि तो चालायला लागायच्या आत आई गेली. हळर्णच्या घरात त्याला वाढवलं मालतीने, थोरल्या बहिणीने. तिला लग्नाच्या मागण्या आल्या, तिने टाळल्या. पुढे ती काजूच्या कारखान्यात लागली आणि सगुण मांद्र्याच्या किनाऱ्यावर पर्यटकांसाठी टॅक्सी चालवू लागला.

सीझनमध्ये झोप मिळत नसे. जागं राहायला एका गिऱ्हाइकाने त्याला पांढरी पूड दिली. पाऊस लागला, पर्यटक गेले, पूड काही सुटली नाही. सगुण वाळला, खोटं बोलायला शिकला, एकदा टॅक्सी माडावर घातली. व्यसनमुक्ती केंद्रातून सुधारून यायचा, पुन्हा तेच. मालतीने रडणं कधी सोडलं, तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

मग पणजीकडच्या एका डॉक्टरीणबाईंनी सुचवलं, "या नशेवर खात्रीचं औषध नाही. मेंदूला चुंबकाचे ठोके देऊन बघू. काहींची ओढ कमी होते, काहींची नाही. अजून अभ्यास चालू आहे."

"शॉक देतले?" सगुण घाबरला.

"शॉक नाही. तुम्ही जागेच असाल."

काही आठवडे दोघं रोज पेडण्याहून बस धरत, म्हापशाला बदलत. दवाखान्यात खुर्चीत बसलेल्या सगुणच्या कपाळाच्या डाव्या अंगाला यंत्राचं जाड वेटोळं टेकवत आणि टकटक सुरू होई. भुवई उडे, नंतर डोकं दुखे. बाहेर बाकावर मालतीला बसल्या बसल्या डुलकी लागे.

एकदा परतताना म्हापशाच्या स्टँडवर तो म्हणाला, "अक्का, भूक लागली गो."

भूक हा शब्द किती महिन्यांनी त्याच्या तोंडून आला होता! भाजी-पाव खाणाऱ्या भावाकडे ती बघत राहिली. आनंद व्हायला हवा होता. तेवढं त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

उपचार संपले. सीझन आला. जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला आणि सगुण मांद्र्याला गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी परतला तो दारातच उभा राहिला.

"अक्का, परत घेतलंय."

मालती भांडी घासत होती. आजवर तिनेच त्याचे खिसे धुंडाळले होते. आपणहून तो पहिल्यांदाच बोलला होता.

"जेवलंस?" तिने विचारलं.

"नाय."

तिने ताट वाढलं. पुढच्या भेटीत हे ऐकून डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. अधूनमधून ठोके घ्यायला यावं लागेल, म्हणाल्या. सगुणने टॅक्सीचा धंदा सोडला, काजूच्या बागेत कामाला लागला. ओढ अजून येते, पण आली की थोड्या वेळाने जाते, असं तो सांगतो.

परवा त्याची ठोके घ्यायची तारीख होती. मालती अंथरुणातून उठली नाही. "आज तू एकटोच जा," म्हणाली.

तो गेला. दुपारी आला तेव्हा ती झोपलेलीच होती. त्याने आवाज न करता चुलीवर तांदूळ चढवले.