नातीच्या इंटरव्ह्यूत माझी गरिबी

सन २०२३. माझं वय तेव्हा बहात्तर, आणि त्या वयात मी आयुष्यातला पहिला इंटरव्ह्यू दिला. नोकरी माझी नव्हती, एवढीच काय ती अडचण.

नोकरी होती माझ्या नातीची, वैष्णवीची. पोरगी शेतीची पदवी घेऊन बसलेली. (माझं शिक्षण चौथीपर्यंत. पाचवीला मास्तर बदलले, ते मला पटले नाहीत.) आधीच्या मुलाखतींतून ती हात हलवत परत आली होती. तिच्या बापाने, म्हणजे माझ्या पोराने, सांगून टाकलं होतं, की अकोल्याच्या त्या भाजीरोपांच्या कंपनीत जमलं तर ठीक, नाहीतर दिवाळीनंतर तिच्यासाठी स्थळ पाहू. पोरगी घाबरली. कॉलेजातल्या सरांनी तिला सल्ला दिला, मार्कं सगळ्यांनाच असतात, तू आपली गोष्ट सांग.

ते मला पटलं. बाजारात मी जन्मभर तेच केलं. वांगं सगळ्यांचंच जांभळं असतं, गिऱ्हाईक थांबतं ते बोलण्यावर.

म्हणून वलगावच्या घरात ती आरशापुढे गोष्ट घोकायला लागली, तेव्हा मी कान देऊन ऐकलं. ऐकता ऐकता माझा चहा गार झाला. गोष्ट अशी, की एका खेड्यात एक गरीब अडाणी म्हातारा होता. उन्हातान्हात हातगाडीवर भाजी विकायचा. त्याच्या पायात चप्पल नसायची. त्याचे हाल पाहून नातीने ठरवलं, आपण शिकायचं.

मी विचारलं, हा म्हातारा कोण?

"तुमीच, आबाजी."

"मी गरीब कवा होतो वं? घरची विहीर हाय, काळी जमीन हाय. हातगाडी तं मी जन्मात लोटली नाई, बाजारात आपला ओटा हाय."

"हाल असल्याबिगर गोष्ट लागत नाई लोकाइले. थोडं वाढवून सांगा लागते."

"आन चप्पल?"

"चप्पल तुमी वावरात काढताच ना."

आता आमच्याकडची रीत सांगतो. मुलगी पाहायला पाहुणे येणार असले, की आम्ही घराला रंग देतो, शेजाऱ्याचा ट्रॅक्टर आपल्या दारात उभा करतो, मामाकडून सोफा उचलून आणतो. परक्यापुढे घर भरलेलं दिसलं पाहिजे. आणि ही पोरगी आपलं खरोखरचं भरलेलं घर परक्यापुढे रिकामं करून दाखवायला निघाली होती, वर माझ्या पायातलंही काढून! इंटरव्ह्यू म्हणजे तरी दुसरं काय? पोरीला पाहायलाच तर बसतात समोर.

मी म्हटलं, मी संगं येतो. ती नाही म्हणाली. आमची बुढी (म्हणजे माझी बायको) नाही म्हणाली. दोघी नाही म्हणाल्या तेव्हाच माझं पक्कं झालं. बाहेरच्या बाकावर बसेन आणि तोंड उघडणार नाही, या बोलीवर मला एसटीत जागा मिळाली. इस्तरीचं धोतर, पांढरी टोपी आणि पायात करकर वाजणारे कोरे जोडे. मुद्दाम.

अकोल्याच्या त्या ऑफिसात एक मॅडम आणि एक साहेब बसले होते. त्यांच्या आणि माझ्या बाकाच्या मधात नुसती प्लायवूडची भिंत, सगळं ऐकू येत होतं. मॅडम म्हणाल्या, स्वतःबद्दल सांगा. वैष्णवी म्हणाली, माझे आजोबा खूप गरीब होते. मी गप्प. त्यांच्याकडे एक हातगाडी होती. मी गप्प, फक्त जोडे करकरले. त्यांच्या पायात चप्पलसुद्धा नव्हती.

मी दार लोटून आत गेलो आणि पाय पुढे केला.

साहेब उठून उभे राहिले. वैष्णवीने डोळे मिटले. मी नमस्कार करून सांगितलं, म्हातारा तो मीच, गरिबी कॅन्सल, बाकी पोरगी चांगली आहे. मग खुर्ची ओढून बसलो. (पाहुण्यांत उभ्याने बोलत नाहीत.) साहेबांना गाव विचारलं, ते बाळापूर निघालं. आडनावावरून कोणाचे कोण ते काढलं, तर त्यांच्या काकाच्या लग्नात मी जेवलेलो. वरणात मीठ कमी होतं, तेही सांगून टाकलं.

साहेब मला बाहेर घालवायच्या बेतात होते, तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, मग खरी गोष्ट तुम्हीच सांगा.

मला तेवढंच पाहिजे होतं. मी आमच्या टमाट्यांचा विषय काढला. गेल्या उन्हाळ्यात आख्ख्या वलगावच्या टमाट्यांची पानं आकसून गेली, अन् माझे, मॅडम, माझे तेवढे उभे राहिले. लोक बांधावर पाहायला आले. मी एकेकाला सांगितलं, याला डोकं लागतं.

मॅडमनी विचारलं, "कसं केलंत तुम्ही?"

कसं केलं ते मला ठाऊकच नव्हतं! वैष्णवी काहीबाही सुचवायची आणि मी नाही म्हणायचो. मग मी सेमाडोहला पुतणीकडे गेलो. परत येऊन पाहतो तर हिने आपल्या मनाने सगळं करून ठेवलेलं. मी तिच्याशी बोलणं सोडलं. टमाटे लागल्यावर पुन्हा धरलं.

मी नातीकडे वळलो. म्हटलं, "सांग वं, मी कसं केलं थे."

तिला हसू फुटलं. मग बोलायला लागली तर थांबेचना. पानं आकसवणारी पांढरी माशी, तिला अडवायला वाफ्यांभोवती मक्याची ओळ, पिवळे चिकट कागद. मी परत येऊन तो मका उपटायला निघालो तेव्हा ती ओळीपुढे कशी बसून राहिली, ते थेट मी थकेपर्यंत. मॅडम पेन खाली ठेवून ऐकत होत्या. साहेब म्हणाले, आम्हाला नवीन रोपं शेतकऱ्यांच्या गळी उतरवायची असतात, आणि ते सगळे असेच असतात. बोट माझ्याकडे होतं. मी ती स्तुती समजलो. अजूनही समजतो.

परतीच्या एसटीत पोरगी खिडकीकडे तोंड करून बसली. मूर्तिजापूर गेलं आणि तिचा फोन वाजला. हो मॅडम, हो मॅडम म्हणाली, फोन ठेवला आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडली. नोकरी लागली होती.

"काय म्हने मॅडम?"

"म्हने, ज्या पोरीनं या आजोबाइले ऐकाले लावलं, थे कोनाले बी ऐकाले लावन."

म्हणजे पास मीच झालो. एवढा हट्टी म्हातारा तिला दुसरीकडे कुठे मिळाला असता?

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी टोपी घातली आणि शेजारच्या सुमनबाईकडे गेलो. तिच्या पोराचाही अमरावतीला इंटरव्ह्यू होता. म्हटलं, त्याले सांग, भ्याचं काम नाई, मी संगं येतो. सुमनबाई सडा टाकून राहिली होती. मान वर न करता म्हणाली, "थो तं पहिल्याच गाडीनं गेला, भाऊजी."

इंटरव्ह्यू पुढच्या सोमवारी होता.