कोऱ्या चौकटी

हे मी आईलाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय? — माहीत नाही. आता पोटात मावत नाही, एवढंच.

एम.एस्सी.ला असताना आमच्या कॉलेजचा एक प्रकल्प होता. शहराबाहेरच्या टेकडीवरच्या माकडांची तब्येत साध्या माणसांनी बघून नोंदवायची, आणि आम्ही विद्यार्थ्यांनी त्या नोंदींचं विश्लेषण करायचं. डोळे, केस, चाल, विष्ठा — प्रत्येक माकडासाठी चार चौकटी. बाकीचे स्वयंसेवक मोबाइलवर भरायचे. फणसवाडीचे रेगेकाका मात्र कागदावर, खाली कार्बन घालून. जन्मभर माझगावला गोदीत कारकुनी केलेला माणूस. प्रत ठेवल्याशिवाय कागद हातातून सोडणार नाही. दर शनिवारी टेकडीवर जायचे आणि सोमवारी कागद मला आणून द्यायचे; मी ते कॉम्प्युटरवर उतरवायचे.

पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं होतं, "जे दिसलं नाही, ते मी भरणार नाही हां. कोरं म्हणजे कोरं." मी मान डोलावली होती. म्हणजे मला ठाऊक होतं. हे आधीच सांगते, नाहीतर पुढे मी स्वतःला सूट देईन.

आणि कोरं तरी किती ठेवावं! माकड पाठ करून बसलं, डोळ्यांची चौकट कोरी. माकड उंच फांदीवर, पुन्हा कोरी. कोरी चौकट दिसली की सॉफ्टवेअर ती अख्खी ओळच टाकून द्यायचं. सादरीकरणाचं पोस्टर द्यायला दोन दिवस उरलेले. मी वैतागले होते — काकांवर, सॉफ्टवेअरवर, त्या माकडांवरसुद्धा. मग काय केलं? सगळ्या कोऱ्या चौकटी निवडल्या आणि एका फटक्यात 'निरोगी' भरून टाकलं. चहा उकळायलाही याहून जास्त वेळ लागतो.

दादरला सादरीकरण झालं, तेव्हा प्राण्यांचे एक डॉक्टर उठले. याच टोळीत सुजलेले, चिकट डोळे त्यांनी स्वतः पाहिले होते. मग इथे सगळे निरोगी कसे? प्रकल्प चालवणाऱ्या आमच्या मॅडमनी माझ्याकडे बघितलं. माझी जीभ अडखळली का? नाही — तेच तर. मी सरळ म्हणाले, "रेगेकाकांनी तसंच भरून दिलंय."

काका तिसऱ्या रांगेत होते, कडक इस्त्रीचा शर्ट घालून. पुढच्या आठवड्यात स्वयंसेवकांच्या यादीतून त्यांचं नाव गेलं.

मग ते प्रभादेवीला आमच्या घरी आले, कार्बनच्या प्रती घेऊन. मॅडमकडे गेले नाहीत, माझ्याकडे आले. "चुकून झालं असेल, बाळा. तूच दाखव त्यांना." मी पाणी दिलं, प्रती ठेवून घेतल्या. दाखवल्या नाहीत. उलट चिडले — कोणी सांगितलं होतं प्रती ठेवायला? समोरचा माणूस आपली लाज झाकतोय, आणि आपल्याला त्याचाच राग यावा?

पण खरं सांगायचं ते अजून पुढेच आहे. काही महिन्यांनी भाजीबाजारात भेटले. "दाखवलंस का गं?" मी म्हणाले, "हो काका. मॅडम म्हणाल्या, परत बोलावू तुम्हाला." पहिलं खोटं घाबरून बोलले असेन. हे मात्र हातात मेथीची जुडी धरून, हसत हसत बोलले. त्यांचा चेहरा इतका खुलला की मला तिथून पळावंसं वाटलं.

आता ऑफिसात नव्या मुलांना मीच शिकवते, कोरं म्हणजे ठीक असं धरायचं नाही. ती माना डोलावतात. मला माझीच चीड येते.

मागच्या महिन्यात काकांची सून भेटली. सहज म्हणाली, बाबा शनिवारी कुठलंच काम अंगावर घेत नाहीत; लग्नाचं आमंत्रण आलं तरी म्हणतात, कॉलेजातून बोलावणं आलं तर?

प्रती माझ्या कपाटात आहेत, साड्यांखाली. मॅडमचा नंबर मोबाइलमध्ये आहे. पाच वर्षांत मी तो एकदाही लावलेला नाही.