खोकडाच्या दारातलं इन्स्पेक्शन

आमच्या घरात एखादी वस्तू दोन दिवस एका जागी राहिली की तिला चुना लागतो. हौदाचा काठ, दारातला लिंब, फुटकं जातं, सगळ्यांना खाली गेरू आणि वर चुना. माझे सासरे लालासाहेब फौजेतून पेन्शन घेऊन आले ते कुंचा घेऊनच. मी त्यांना मामा म्हणते. नवरा मुंबईला असतो, मी इथं म्हसवडजवळच्या गावात पिठाची गिरणी चालवते आणि मामा माळावरचे धोंडे रंगवतात. अशी आमची कामाची वाटणी.

नोकरीभर त्यांनी बंदूक कमी आणि कुंचा जास्त चालवला, हे ते स्वतः सांगणार नाहीत, म्हणून मी सांगते. मोठे साहेब इन्स्पेक्शनला यायचे म्हटलं की रस्त्याकडेचे दगड यांच्याकडं. साहेबांची जीप यायची आणि धुरळा उडवत निघून जायची. दगडांकडं कुणी ढुंकून बघायचं नाही. "एकदा तरी जीप थांबाय पायजे हुती," असं मामा अजून जेवता जेवता म्हणतात. मी म्हणते, "भाकरी वाढू का?"

अशा घरात राजेश्वरी भाड्यानं राहायला आली. तासगावकडची पोरगी, वडिलांची द्राक्षबाग, पण हिला बागेत रस नाही. विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकते आणि प्रकल्पाला विषय घेतला खोकडाचा. खोकड म्हणजे कोल्ह्याचा धाकटा भाऊ म्हणा, मांजरापेक्षा थोडा मोठा, शेपटीचं टोक काळं. आमच्या माळावर त्याचं बीळ होतं. राजेश्वरी रोज तिथं जायची, जमिनीवर पालथी पडून ठसे बघायची आणि खोकडाची लेंडी कागदाच्या पुडीत बांधून आणायची. ती पुडी एकदा माझ्या जिऱ्याच्या पुडीशेजारी सापडली. मी दिवसभर तिच्याशी बोलले नाही.

तिचे मार्गदर्शक मुळीक सर मात्र तिच्यावर विश्वास ठेवायला तयार नव्हते. आमचा माळ मुरमाचा, ठसे धड उठत नाहीत. तिने पाठवलेले फोटो बघून सर म्हणायचे, कुत्रं असेल. शेवटी त्यांनी सांगितलं, मी स्वतः येतो, जागेवर दाखव. नाही दाखवता आलं तर विषय बदल आणि विद्यापीठाच्या आवारातली कबुतरं मोज. राजेश्वरीला कबुतरांची चीड होती. तीन महिने माळावर पाय झिजवून शेवटी छपराकडं बघत बसायचं, या विचारानंच तिची भूक मेली.

"सर उद्या सकाळी बीळ बघायला येणार आहेत," तिने मामांना सांगितलं आणि ती दहिवडीला काही कामाला गेली.

मामांनी ऐकलं ते एवढंच, की साहेब येणार आहेत आणि बघणार आहेत.

थोड्या वेळानं माझी पिठाची मोठी चाळण दिसेना. खराटा दिसेना. गाडीला पाण्याचा कॅन बांधून मामा माळाकडं जाताना शेजारच्या अंबूबाईंना दिसले. मला वाटलं, गेले असतील कुणाचा तरी धोंडा शोधायला. गिरणीवर दळणाची गर्दी होती, मी कुठं बघत बसू?

संध्याकाळी राजेश्वरी परतली आणि तशीच माळावर गेली. तिच्या मागोमाग मीही चाळण शोधत गेले. बघते तर बिळाच्या दारात लग्नघरासारखी तयारी. सगळं गवत उपटलेलं. दगडगोटे वेचलेले. मुरमावर चाळलेली माती पसरून वर सडा मारलेला. बिळापर्यंत दोन्ही बाजूंनी धोंड्यांची रांग, एक गेरूचा, एक चुन्याचा. राजेश्वरीनं जपलेले चार अर्धेमुर्धे ठसे खराट्यानं साफ झाले होते, आणि लेंड्या मामांनी खड्डा काढून त्यात पुरल्या होत्या.

"काय घान करून ठिवली हुती त्या जनावरानं," मामा छाती पुढं काढून म्हणाले. "सायबाला तसली दावायची व्हय?"

राजेश्वरी मटकन खाली बसली आणि रडायला लागली. मामांना वाटलं, आनंदानं. मी त्यांना काय केलंत ते नीट समजावून सांगितलं, जरा आवाज चढवूनच. चाळणीचंही त्यातच सांगून टाकलं. मामांचा चेहरा उतरला. घरी आल्यावर त्यांनी कुंचा आणि चुन्याचा डबा माझ्या हवाली केला आणि मला पहिल्यांदा त्यांची दया आली. चाळणीचा राग मात्र तसाच होता.

सकाळी मुळीक सर आले. राजेश्वरीनं वाटेतच मनाशी कबुतरांची तयारी केली होती. मामा इस्त्रीच्या कपड्यांत, पण सगळ्यांच्या मागं, मान खाली घालून चालत होते.

बिळाजवळ सर थांबले आणि एकदम गुडघ्यावर बसले. ओल्या चाळलेल्या मातीवर ठसे उमटले होते, बोटं आणि नखंसुद्धा मोजता येतील असे. ठशांची एक ओळ बिळातून बाहेर आली होती आणि एक आत गेली होती. बिळाच्या त्या तोंडात कुत्र्याचं डोकंसुद्धा मावलं नसतं.

"खोकडच आहे," सर म्हणाले. "माती चाळून पाणी मारलंस, छान केलंस. हे आधीच का नाही सुचलं? चालू ठेव तुझा विषय." मग त्यांनी दोन्ही बाजूंच्या धोंड्यांकडं बघितलं. "पण हा चुना कशाला?"

राजेश्वरीनं मागं बघितलं. "हे सगळं मामांनी केलंय, सर."

मामा पुढं आले आणि ताठ उभे राहिले. "इन्स्पेक्शन हुतं, सायेब."

सर हसू दाबत असतानाच मामांची नजर बिळाजवळच्या सगळ्यात मोठ्या, सगळ्यात पांढऱ्या धोंड्यावर गेली. बरोबर मधोमध, वर टोकाला, खोकड ताजी लेंडी टाकून गेलं होतं. मामा लालबुंद झाले. त्यांनी खापरीचा तुकडा उचलला आणि ती उडवायला वाकले.

"मामा, हात लावू नका," राजेश्वरी मध्ये आडवी आली.

सर तिथं पुन्हा बसले, काडीनं लेंडी फोडून बोराच्या बिया आणि किड्यांची कवचं दाखवू लागले. उठून दिसणारी जागा खोकड मुद्दाम निवडतं, म्हणाले. आसपासच्यांना कळावं म्हणून, की इथं मी राहतो. धोंड्याचे चारही बाजूंनी फोटो निघाले. मामा तेवढा वेळ धोंड्याशेजारून हलले नाहीत.

सगळे घरी चहाला आले, मामाच आले नाहीत. मी किटली घेऊन परत गेले. ते त्या धोंड्यासमोर उकिडवे बसले होते.

"सुनबाई, एवढ्या छावण्या रंगवल्या," ते म्हणाले. "एक जीप थांबली न्हाई. ह्यो थांबला."

मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. मी चहा ओतून दिला.

"थांबला, पर एकाच धोंड्यापाशी," चहा फुंकत मामा म्हणाले. "बाकीच्यांवर एकच हात बसलाय, म्हनून आसंल. चुन्याचा डबा कुठं ठिवलायस?"