मी शांत झाले की ते चिडायचं

आधीच सांगते, मी फिजिक्सची विद्यार्थिनी आहे. भुतंखेतं, बाधा, करणी... असलं काही मी कधीच मानलं नाही. तेव्हा "स्ट्रेसमुळे भास झाला असेल" अशी कमेंट टाकायची असेल तर कृपया पुढे वाचू नका. ते सगळं ऐकून झालंय माझं.

एम.एस्सी.च्या प्रवेश परीक्षेचा माझा दुसरा अटेम्प्ट होता. पहिल्या वेळी पेपर समोर आल्यावर इतकी घाबरले की येत असलेली गणितंही चुकली. रत्नागिरीत आमचं घर लहान, त्यात शेजारी वेल्डिंगचं वर्कशॉप. म्हणून मामाने जवळच शिरगावला घेतलेल्या फ्लॅटची चावी दिली. मामा मुंबईला असतो. बिल्डिंग नवी कोरी, आमच्या मजल्यावर कोणी राहायलाही आलं नव्हतं. तिथे कोणी मेलेलं नाही. आधी तिथे नुसता कातळ होता — तेही विचारून झालंय.

ऑनलाइन क्लासच्या सरांनी सांगितलं होतं, अभ्यासाआधी डोळे मिटून बसायचं. हळू श्वास घ्यायचा, हळू सोडायचा. मी हॉलमध्ये सतरंजी टाकून बसले. सकाळची वेळ, खिडकीतून लख्ख ऊन. थोड्या वेळाने मन खरंच शांत झालं... आणि मला दुसरा श्वास ऐकू आला.

उजवीकडे, अगदी जवळ. नाकातून, तुटक. कोणीतरी भयंकर संतापलंय आणि कसंबसं स्वतःला आवरतंय, तसा.

मी माझा श्वास रोखला. तो चालूच होता.

डोळे उघडले तर कोणी नाही. आवाजही बंद.

मग हे रोजचंच झालं. एक गोष्ट लक्षात आली — गणित अडलं, छाती धडधडायला लागली की तिथे काही नसायचं. मी शांत झाले की ते यायचं. जितकी जास्त शांत, तितकं जवळ. एकदा तर कानाला गरम वाफ लागली. मी ओरडले, "काय पाहिजे तुला?" तर श्वास आणखी जोरात, जणू मी बोलण्याची हिंमत केली म्हणून.

सरांना फोन केला. ते म्हणाले, "हे अँक्झायटीचं लक्षण आहे. श्वासाचा एक्सरसाइज वाढव."

घरी काही बोलले नाही. पुन्हा अभ्यास बुडवायची कारणं शोधते, असं वाटलं असतं त्यांना. पण एके दिवशी आई डबा घेऊन आली तेव्हा मी डोळे मिटून बसले होते. तिच्याकडे दुसरी चावी होती. ती दारातच थांबली.

"काय गो, कोण आलंय आत?"

मी डोळे उघडले. "तुला ऐकू येतंय?"

ती आत आली. डबा खाली ठेवून माझ्या शेजारी बसली, माझा हात धरला आणि तिनेही डोळे मिटले. या वेळी मला काहीच ऐकू येत नव्हतं. मी तिच्याकडे बघत होते. पंखा बंद होता, तरी तिच्या कपाळावरची बट हलत होती... थांबून थांबून. तिचा चेहरा पांढरा पडत गेला.

मग ती ताडकन उठली. "पुस्तकं घे. ऊठ आधी!"

त्यानंतर मी तिथे गेले नाही. वेल्डिंगच्या आवाजात अभ्यास केला. परीक्षेच्या हॉलमध्ये पेपर मिळायच्या आधी बरेच जण डोळे मिटून बसले होते, मी मात्र मुद्दाम डोळे उघडे ठेवले, घाबरलेलीच राहिले. पेपर बरा गेला. हवं ते कॉलेज नाही मिळालं, पण कोल्हापूरला अ‍ॅडमिशन झाली.

मामाने फ्लॅट भाड्याने दिला. तिथे एक जोडपं राहतं, त्यांचं बाळ त्याच हॉलमध्ये झोपतं. त्यांची काही तक्रार नाही.

कोल्हापूरची एसटी लागली तेव्हा मी आईला शेवटचं विचारलं, "तुला पण श्वासच ऐकू आला ना?"

"नाही," ती म्हणाली. "मला बोलणं ऐकू आलं."

"काय बोललं?"

तिने माझी बॅग वर चढवली. "तुझ्यासाठी नव्हतं ते. माझ्यासाठी होतं."

यापलीकडे तिने आजवर एक शब्द सांगितलेला नाही.