पत्रावळीवरचं ‘टेक’

साठ सालच्या आसपास मी मुरबाडजवळच्या एका गावात प्राथमिक शाळेचा मास्तर होतो. सातवीची फायनल पास, पण मॅट्रिकला इंग्रजीत दोनदा आपटलेला. तिसऱ्यांदा फॉर्म भरताना बायकोला सांगून टाकलं, या खेपेलाही आपटलो तर इंग्रजीला रामराम, आणि हायस्कुलात शिकवायच्या स्वप्नालाही.

माझा खरा वैरी ‘टेक’. नुसतं घेणे असतं तर काय हवं होतं! पण वेळ लागला तरी टेक, फोटो काढला तरी टेक, विमान उडालं तरी टेक. हायस्कुलाचे हेडमास्तर म्हणाले, हा शब्द मुळात इंग्रजांचा नव्हेच. उत्तरेकडून बोटींनी आलेल्या लोकांनी तो आणला आणि त्यानं तिथल्या जुन्या शब्दाला घराबाहेर काढलं. म्हणजे साहेबालाही तो कधीतरी शिकावा लागला होता! मला फार बरं वाटलं.

वहीतलं माझ्या डोक्यात राहत नसे. म्हणून पळसाच्या सुक्या पानांवर एकेक अर्थ लिहिला. संध्याकाळी बायको तांदूळ निवडायला बसली की मी पानं उलटीसुलटी करून मोठ्यानं वाचायचो. “तू ऐकू नकोस, तुला काय कळणार त्यातलं,” असंही वर म्हणायचो.

परीक्षेला चार दिवस उरले आणि शेजारी लग्न निघालं. लग्नघराला प्रत्येक घरानं पत्रावळी द्यायच्या, असा आमच्या आळीचा रिवाज. बायको विहिरीवर गेलेली असताना बायका आल्या आणि घरातली सगळी पानं टाचायला घेऊन गेल्या, माझीसुद्धा. मी तिच्यावरच भडकलो. ती बिचारी पदर खोचून लग्नघरी मदतीला गेली.

लग्नात मी पंगतीतून वाकून वाकून फिरत होतो. कुणाच्या भाताखाली एक अर्थ, कुणाच्या आमटीत दुसरा बुडालेला.

“मास्तर, काय हरवलं?” एक म्हातारा म्हणाला.

तेवढ्यात आमटी वाढत आलेली माझी बायको जवळ थांबली. “टेक आफ्टर, आईच्या वळणावर जाणं. टेक इन, फसवणं. टेक प्लेस, घडणं. पानं नाय गावायची आता. तुमी लिवून घ्या, माझ्या ध्यानात हायेत सगळी.”

मी ओट्यावर पेन्सिल घेऊन बसलो. वाढता वाढता येऊन ती एकेक सांगून जाई. एकही अर्थ चुकला नाही.

मी पास झालो, काठावर. आळीत पेढे माझ्या नावानं वाटले, तेव्हा मला लाज वाटली. दुसऱ्या दिवशी तिच्यासाठी पाटी आणली.

ती पाटी मांडीवर घेऊन म्हणाली, “पयलं माझं नाव लिवून दावा. कसं दिसतं ते अजून बघितलं नाय.”